डोहात उतरण्यापूर्वी जुन्या रोशनीची व्यवस्था

मी, रोशनी लडकू झुगरे, वय तेवीस, धंदा शिवणकाम, राहणार किन्हवलीजवळचा पाडा, तालुका शहापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. पास्टर मंगेश कमरेइतक्या पाण्यात उभे राहून "रोशनी, ये गो, गारठलो मी!" असं ओरडत आहेत. तो दबाव धरू नये.

मरण कसलं तेही सांगते. आज माझा बाप्तिस्मा आहे. पास्टर शिकवतात की पाण्यात जुना माणूस पुरला जातो आणि नवा वर येतो. मी विचारलं, "मग जुनीच्या वस्तू कोणाच्या?" ते म्हणाले, "तुला शंकाच फार. लिहून ठेव." म्हणून लिहिते. शिवाय मला पोहता येत नाही.

गेल्या वर्षी मी याच डोहात उतरले होते. ऐन वेळी पास्टरांच्या गळ्याला अशी मिठी मारली की पाय घसरून तेच पाण्याखाली गेले आणि मी त्यांच्या खांद्यावर कोरडी राहिले. काठावरून हिरीआत्या ओरडली, "अरे, पास्टरचाच झाला दुसऱ्यांदा!" तेव्हा जुनी रोशनी अजून हयात आहे. आज ती जावी अशी माझी इच्छा आहे.

कलम एक. घर बाबांचं, माझा फक्त खिडकीजवळचा कोपरा. तो, शिलाई मशीन आणि पोस्टातली शिल्लक नव्या रोशनीला. मशीनची बॉबिन अडकते, तिनं चिडू नये.

कलम दोन. माझी 'असू दे' पिशवी, म्हणजे दोन टॉर्च, सुतळी, शिट्टी, ओआरएसची पाकिटं आणि घराची जादा चावी, हे सर्व आमच्या चर्चच्या मंडळीला. चावी मात्र आईला परत द्यावी.

कलम तीन. आजच्यासाठी आणलेली टायरची ट्यूब वापरायला पास्टरांनी मनाई केली. ती त्यांनाच देते. मागचा अनुभव पाहता गरज त्यांना आहे.

कलम चार. बाबांनी मला घरीच, पवित्र शास्त्रावरून अक्षरं शिकवली. मी स्वतः जुळवून वाचलेला पहिला शब्द 'भिऊ'. तेवढ्यात जेवायला हाक आली, 'नको' दुसऱ्या दिवशी वाचलं. ती मधली रात्र बहुधा अजून चालू आहे. ते पुस्तक बाबांकडेच राहावं. मी रोज येऊन पुढचं वाचीन.

कलम पाच. वर न लिहिलेलं, उरलंसुरलं जे काही निघेल ते प्रभूला.

कलम सहा. चुलत बहीण काजल, सध्या मुरबाड. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ओढा ओलांडताना आम्ही सगळे हात धरून साखळी करतो. मी आठ वर्षांची असताना काजलचा हात सुटला आणि मी वाहत गेले. बाबांनी मासे धरायला लावलेल्या जाळ्यात अडकले म्हणून वाचले. "मी नाय सोडला गो, पाण्यानं ओढला," असं ती आजही सांगते. तेव्हापासून मी जे धरते ते सोडत नाही. ती तक्रार, इतकी वर्षं नीट सांभाळलेली, मी तिची तिला देते.

इथवर लिहिलं आणि काजलनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "आण, साक्षीदाराची सही मी करते."

अनंताकाका शहापूरला वकिलांकडे कारकून आहेत. ते म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काय मिळत नसतं, पोरी. तुझं कलम रद्द होईल."

"होऊ दे. मला कुठं पायजे तिचं रडगाणं! आणि रोशे, आज तुझ्यासोबत पाण्यात मी येणार. हात नको धरूस हवं तर."

"काका, मग ते कलम जातं कुणाकडं?"

"उरलंसुरलं ज्याला लिहिलंयस त्याला."

मी कलम पाच पुन्हा वाचलं, 'ते प्रभूला', आणि मला इतकं हसू आलं की पास्टर पाण्यात दचकले. हात कोणी सोडला याचा तपास मी इतकी वर्षं केला. पुढे जाळं कोणी धरून ठेवलं होतं, हे एकदाही विचारलं नाही.

कलम सहा रद्द. सही करून पेन काजलला देते. आता माझ्या दोन्ही हातांत काहीच नाही. पास्टर, आले!

लिहून देणार: रोशनी लडकू झुगरे

साक्षीदार:
१. काजल ओमकार वारे (काही न मिळाल्याबद्दल तक्रार नाही)
२. अनंता धोंडी झुगरे

स्थळ: काळू नदीचा काठ, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे
रविवार, ७ डिसेंबर २०२५