देशाचं फूल आणि दादाचं सलून

५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. माझ्या पाळणाघरात जुळी आलीत. एक झोपलं की दुसरं भोंगा लावतं. वहिनी गेल्यापासून तुझं सलून बंदच आहे, असं शेजारच्या मास्तरांनी कळवलं. दादा, मला फार काळजी वाटते रे. एकटा कुढत बसण्यापेक्षा सरळ माझ्याकडे राहायला ये.

एक गंमत सांगते. आपल्या देशाला आता स्वतःचं फूल हवंय म्हणे! सरकारनं लोकांकडून नावं मागवलीत. कोणतं फूल, कशाचं प्रतीक, आणि खाली पन्नास सह्या. इथं सगळे गुलाबावर फिदा, प्रेमाचं प्रतीक म्हणून. मीही सही ठोकली.

रागावलास तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुलाब? डोकं ठिकाणावर आहे ना? त्याला खत हवं, छाटणी हवी, वर नखरे! तुझ्या वहिनीनं पायरीशी लावलेली सदाफुली बघ. ती गेल्यापासून मी भांडंभर पाणी घातलेलं नाही, तरी बया रोज फुलते. गटाराच्या कडेला, भिंतीच्या फटीत, जिथं तिथं हीच. देशाचं फूल सगळ्यांच्या दारातलं नको का?

पन्नास माणसं काही माझ्या घरी येणार नाहीत. म्हणून नाइलाजानं सोमवारपासून सलून उघडतोय. फक्त सह्यांपुरतं. उगाच हुरळून जाऊ नकोस.

तुझा दादा

२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सह्या झाल्या. गळ्याशी वस्तरा असताना मागितलं की कुणी नाही म्हणत नाही. प्रतीकावरून मात्र रोज भांडणं. मास्तर म्हणाले चिकाटी, समोरचा शिंपी म्हणाला निर्लज्जपणा. त्याची एक मिशी जरा जास्तच उडाली.

शेवटी मी 'सोबत' असं लिहून धाडलं. तुझी वहिनी आरशाशेजारी स्टुलावर बसायची. बोलायची काही नाही, पण असायची. ते स्टूल मी अजून हलवलेलं नाही.

निकाल लागेपर्यंत दुकान चालू ठेवतो.

तुझा दादा

२० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेपर वाचला. लिली, शुद्धतेचं प्रतीक. सदाफुलीचा साधा उल्लेखही नाही! तू पुन्हा कडी लावून बसशील, या विचारानं मला घास गेला नाही. शनिवारी तुझे मेहुणे न्यायला येतील. सामान बांधून ठेव. नाही म्हणायचं नाही.

तुझी धाकटी

२३ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं खरं आहे. निकाल कळला आणि मी कडी लावली. तासाभरात शिंप्यानं दार बडवलं. फूल पडलं म्हणून त्यानं दाढी वाढवून फिरायचं का, असं विचारत होता. त्याच्यामागे मास्तर, आणखी चार-पाच जण. उघडलं दार.

त्याची अर्धी दाढी झाली आणि मला रडू फुटलं. चक्क भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तिची फार आठवण आली गं. शिंपी तोंडाला फेस तसाच ठेवून बसून राहिला. बाकीचेही कुणी उठून गेले नाहीत. मग मी तोंड धुतलं आणि उरलेली दाढी केली.

इतके महिने मला वाटायचं, आधी दुःख संपेल, मग दुकान उघडेन. वेडाच मी! तिच्यासाठी रडायला दुकान बंद ठेवावं लागत नाही.

मेहुण्यांना जरूर पाठव. पण मी येणार नाही. शनिवारी दुकानात गर्दी असते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा