लाडू, स्वेटर आणि स्नेहलचं वजन

सांगली
१० डिसेंबर २००३

सौ. देवकीस,

आम्ही बापलेक सुखरूप आहोत, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

"पोर वाळली, तिचं धावणं बंद करा," असं तू म्हणालीस, म्हणून आठवडाभर मी स्नेहलला पळू दिलं नाही. वर तुझे डिंकाचे लाडू. आपल्या धसईकडच्या जत्रेत नुसत्या नजरेने कुस्तीची जोड लावतात, इथे स्पर्धेत काट्यावर उभं करतात. काल ती तिच्या वजनी गटापेक्षा सहाशे ग्रॅम जास्त भरली. पंच म्हणाले, "तासाभरात उतरवा, नाहीतर घरी जा."

पोरगी म्हणाली, "बाबा, तुमचा स्वेटर द्या." स्वतःच्या स्वेटरवर माझा चढवून ती मैदानाला फेऱ्या मारू लागली. मी कुंपणापासून ओरडलो, "खांदे सैल सोड गो!" तर म्हणते, "तुमी गप ऱ्हावा, नायतर या पळायला."

घामाने निथळत आली आणि वजनात बसली.

संध्याकाळी समोरची मुलगी अंगाने दांडगी होती, पण तिला लवकर धाप लागली. आपलीचा दम शाबूत. चीत केली! कुस्तीला दम धावण्यातूनच येतो, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

ओठ जरा सुजलाय, बर्फ लावलाय. रात्री शांत झोपली.

आईचा गुडघा कसा आहे? वालाला फुलं धरली का?

लाडू अर्धा डबा उरलेत. ते मी संपवतोय. माझं वजन इथे कोणी करत नाही.

चंदर