हजेरीचा फोटो

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. गोंदियाहून बालाघाट, बालाघाटहून बैहर, आणि पुढे जीप. जीपमध्ये कुणाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर दिली होती. कोंबडी शहाणी निघाली, साऱ्या रस्त्याने चूं नाही की चां नाही. तिच्या मालकाने मात्र बालाघाटच्या धानाच्या भावापासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं ऐकवलं. एवढं हसून मी कितीतरी दिवसांत प्रवास केला नव्हता.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. सवय आहे, आणि माझ्या मोजक्या चांगल्या सवयींपैकी आहे.

घर डोमाजी आणि कमलाबाईंचं. मुलगा हैदराबादेत, त्यामुळे त्याची खोली मला मिळाली. सारवलेली ओसरी, मागे मोह, दारात बोअरिंगचा पंप. कमलाबाईंनी भात आणि लाखोळीची डाळ वाढली आणि ताटाकडे बघून विचारलं, काहून बाई, शहरात पोटं लहान असतात का? मग म्हणाल्या, या वयात एकटी बाई पहाडानं काहून फिरते. पोटासाठीच, मी म्हटलं. हौ, ते तं हायेच, म्हणाल्या आणि आणखी भात वाढला.

काम नेहमीचंच. भोपाळच्या एका संस्थेसाठी डोंगरातल्या गुहांची पाहणी करायची. वय चोपन्न, गुडघे त्याहून म्हातारे. हे शेवटचं कंत्राट. श्रुतिकाने नागपुरात दोन खोल्यांचं घर घेतलंय आणि त्यातली एक माझी आहे. पाडव्याला आई, सामान घेऊनच ये, अशी लेकीची आज्ञा आहे. एकदाच गेले होते, पण वाट पाठ आहे. इतवारी स्टेशन, बाहेर ऑटो, पाण्याची टाकी, टाकीला वळसा, पिवळी इमारत, दुसरा मजला, दारावर तिने स्वतः रंगवलेली पाटी. झोप येत नसली की जपमाळेसारखी हीच वाट म्हणते.

७ फेब्रुवारी

आज दोन कपारी पाहिल्या. एकीत वटवाघळं, दुसरीत बकऱ्या.

दुपारी फोनवर चंद्रशेखर सरांशी नेहमीचा वाद झाला. सर भोपाळला पंख्याखाली बसतात आणि त्यांना प्रत्येक गुहेचा नेमका ठिकाणा नकाशावर हवा असतो. मी देत नाही. गुहेत काय आहे ते लिहीन, ती कुठे आहे ते लिहिणार नाही. मागे एका जिल्ह्यात वर्तमानपत्राने एका गुहेची वाट छापली होती. वर्षभराने मी तिथे गेले तेव्हा भिंतीवर बदाम, बाण, नावं, जमिनीवर राख आणि बाटल्या. पाण्याने थेंबाथेंबाने घडवलेले दगड लोकांनी घरी शोभेला नेले होते. असल्या गोष्टी पाहून माणूस रागवत नाही, थकतो. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे मंजूताई, जागा लिहू नका, पण हजेरीचा फोटो चुकवू नका.

तो आमचा रोजचा जाच. कामाच्या जागी उभं राहून मोबाईलमध्ये स्वतःचा फोटो काढायचा. त्यावर तारीख, वेळ आणि जागेचे आकडे आपोआप उमटतात आणि तो सरळ संस्थेच्या ग्रुपवर जातो. रेंज नसली तर फोनमध्ये थांबतो, रेंज आली की निघतो. फोटो नाही तर दिवस भरला नाही. चेहरा मेल्यासारखा आला तरी चालतं, आकडे हवेत. म्हणून मी तो गावातल्या पंपापाशीच काढते आणि मग डोंगर चढते.

डोमाजी ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, मॅडम, तुमी खरंच कोणाले जागा सांगत नाही? नाही म्हटलं.

१२ फेब्रुवारी

आज डोमाजी आपणहून बोलले. वर पहाडात एक गुहा आहे, तिची वाट एका वेळी एकाच माणसाला ठाऊक असते. आत्ता त्यांना आहे, त्यांच्या आधी महागू नावाच्या माणसाला होती. वाट माहीत असलेला दरवर्षी एकदा जातो, गुहेच्या तोंडाशी आलेलं झुडूप-बिडूप साफ करतो आणि परत येतो, बस. लेकाला दाखवायची होती, पण त्याला हैदराबाद प्यारं. मले आता चढणं होत नाही, म्हणाले. थकलो मी. तुमी कोणाले सांगत नाही, तं तुमालेच देतो.

मी म्हटलं, मी तर पाडव्याला जाणार. ते म्हणाले, जा ना. वाट डोक्यात राह्यते, तिले कुठं जागा लागते. तुमाले कोणी भरोशाचा भेटला, का त्याले देजा.

दाखवायची म्हणायच्या ऐवजी ते सारखं द्यायची म्हणत होते. कमलाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्यांचा हात थांबला.

१४ फेब्रुवारी

गेलो. वाट इथे लिहिणार नाही. डोमाजी पुढे, मी मागे, दोघंही धापा टाकत. दोन म्हाताऱ्यांची वरात.

पण काय गुहा आहे! तोंड एवढंसं, वाकून जावं लागतं, आणि आत बैहरचा आठवडी बाजार मावेल. छतापासून ओले पांढरे दगड लोंबताहेत, खालून दुसरे त्यांना भेटायला उठलेत, काहींच्यात बोटभर अंतर उरलंय. हजारो वर्षं ते एकमेकांकडे निघालेत. कुठेही एक ओरखडा नाही, एक नाव नाही. मी तिथेच बसून रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या जागी मी उशिरा पोचले नव्हते.

बाहेर येऊन पाणी प्यायले, घाम पुसला आणि फोटो काढला. अंगठ्याने काढला, मी नाही. सकाळी निघायच्या घाईत पंपापाशी काढायचा राहिला होता आणि हाताला ते आठवलं. वर रेंज नव्हती. उतरल्यावर पुसू म्हटलं. उतरताना गुडघ्याने जीव नकोसा केला आणि डोक्यातून गेलंच. पंपापाशी पोचलो तर फोन टिंग वाजला. फोटो गेला होता.

१५ फेब्रुवारी

ग्रुपवरून फोटो पुसायचा प्रयत्न केला. तोवर सरांनी तो आकड्यांसकट संस्थेच्या फेसबुक पानावर टाकला होता. त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

सकाळी डोमाजी शेतात जायला निघाले आणि चावडीच्या तिठ्यावर उभे राहिले. चाळीस वर्षं ज्या शेतात गेले तिथे कुठल्या अंगाने जायचं ते त्यांना कळेना. कमलाबाईंनी त्यांच्या खांद्यावरच्या गमछाचं टोक धरलं आणि गाय नेतात तसं नेलं. मी म्हटलं, बालाघाटला डॉक्टरांना दाखवू. त्या म्हणाल्या, बिमारी नाई बाई. एक माणूस गुहेत गेला का देणाऱ्याची एक वाट जाते. तुमी गेल्या, यांची शेताची वाट गेली. एवढंच. माह्या हाती हाये ना मी.

मग महागूचं सांगितलं. त्याने एका लग्नात पिऊन बढाई मारली आणि दुसऱ्या दिवशी वरातीतली पोरं गुहा बघून आली. आधी त्याचे रस्ते गेले, मग माणसं. शेवटी लेक समोर येऊन उभी राहिली तर विचारतो, कोणाची पोरगी होय व हे?

मी फोटोबद्दल बोलले नाही. म्हातारीच्या गोष्टी, म्हटलं. पण रात्री फोन उघडून फोटो किती जणांनी बघितला ते मोजलं.

२० फेब्रुवारी

काल मोटारसायकलवर काही पोरं आली. बैहरची असावीत. पंपावर पाणी प्यायली आणि फोन बघत वर गेली.

आज कमलाबाईंना म्हटलं, दुकानातून साबण आणते. ओसरीवरून उतरले आणि उभीच राहिले. दुकान आहे हे ठाऊक आहे. दुकानदाराच्या मिशा आठवतात. कुठे आहे ते नाही.

मग कमलाबाईंना फोटोचं सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी

सरांना विनवलं. संस्थेच्या पानावरून फोटो काढा म्हटलं. ते म्हणाले, मंजूताई, लोकांना आपला वारसा बघू द्या, तुम्ही थकला आहात, विश्रांती घ्या. थकले आहे हे खरंच आहे.

कुणीतरी त्या गुहेचं रील बनवलंय. गाणं लावून.

बालाघाटची वाट गेली. पोस्टाची गेली. माहेरच्या विहिरीची गेली. लहानपणी रोज जायचे तिथे.

१ मार्च

वर गेले, लोकांना परत पाठवायला. ही वाट मात्र लख्ख. पाय आपोआप पडतात.

भिंतीवर निळ्या रंगात राकेश. केवढं मोठं अक्षर. लोंबणारे दगड हात पुरेल तिथवर मोडलेले. बोटभर अंतर उरलं होतं ती जोडीही. वटवाघळांना धूर घातलाय, खाली मेलेली पडली आहेत. मी ओरडले. एका पोराने माझा व्हिडिओ काढला.

आम्ही इथपर्यंत येऊ देत नाही म्हणून मी सांगत होते. कोण आम्ही ते मला सांगता येईना.

६ मार्च

डोमाजींनी आज माझे पाय धरले. मीच तुमाले अडकवलं म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कसलं, मीच तुमची एवढीशी गोष्ट सांभाळली नाही. दोघं रडलो. कमलाबाई म्हणाल्या, चूप बसा दोघंही, मोह पडाले लागला, कोण वेचते?

खोलीतून मोरीकडे जायला आता त्यांना हाक मारते. बाहेरच्या खाटेवर झोपते, म्हणजे दार शोधावं लागत नाही.

रात्री जपमाळ म्हटली. इतवारी, ऑटो, टाकी, पिवळी इमारत. मधे काहीतरी आहे. टाकीनंतर काय? मागचं पान काढून बघितलं. टाकीला वळसा. वाचलं, शब्द कळले, पण ते कुठे नेत नाहीत.

११ मार्च

फोनवर भाऊ असं नाव आलं. आवाज ओळखला नाही. तो म्हणाला, अगं मी. मी म्हणजे कोण?

चांगला बोलत होता. मी हो हो म्हटलं.

१७ मार्च

जंगलखात्याने वर गुहेच्या तोंडाला तार लावली, पाटी लावली. आग्या माश्यांनी दोघांना फोडून काढलं म्हणे. रील उतरवलं. या दिवसांत कुणी आलं नाही. माझं काही गेलं नाही.

उरलं ते बघितलं. कमलाबाई — त्या रोज समोर असतात, रोज नवीन सांगतात, मी तुमची कमला. गुहेची वाट. आणि श्रुतिका. तिच्या घराची वाट गेली, ती आहे. डाव्या भुवईवर खूण, पाळण्यातून पडली होती. हसताना नाकावर हात ठेवते. तांदळाच्या पिठासारखा तिच्या मानेचा वास. सगळं आहे.

आता नवीन कुणी आलं नाही म्हणजे झालं. एवढं एक राहू दे. बाकीचं गेलं तर गेलं.

२१ मार्च

श्रुतिकाचा फोन. पाडवा आला आई, सव्वीसला घ्यायला येते. तू बालाघाट स्टेशनवरच थांब म्हटलं, कमलाबाई मला आणतील. गावात येऊ नकोस. वर तर मुळीच नाही. का म्हणते. सांगितलं तर म्हणते, तुला डॉक्टरकडे नेते. ने बाई. कुठेही ने. फक्त स्टेशनवर थांब.

हो म्हणाली. वचन दिलं.

२६ मार्च

कमलाबाई पहाटेच मोह वेचायला गेल्या. मी खाटेवरून उठले, पाणी प्यायला — पंप समोर होता — पाय निघाले. एकच वाट येते त्यांना.

वर आहे. तारेच्या आत. वही आणि फोन खांद्याच्या पिशवीत होते. परतीची वाट वेगळी असते, ती गेलीय. उतरता येत नाही.

फोन. श्रुतिका. बालाघाट स्टेशनवरून. इथे रेंज नसते, आज एक काडी आलीय. आई कुठे आहेस, कमलामावशी गावभर शोधतायत. बरी आहे म्हटलं. लोकेशन पाठव म्हणते. नाही. आई, लोकेशन पाठव, लगेच येते. नाही, नाही, तू नाही. आधी येऊन गेलेलं कुणीही पाठव, तू नको —

फोन बंद केला. बसून राहते. कमलाबाईंना सुचेल. कुणालातरी सुचेल. ऊन चढलं.

भुवईवर खूण. नाकावर हात. मानेचा —

पाचोळा वाजतोय. कुणीतरी चढतंय. तिथेच थांब म्हणून ओरडले — थांबत नाही —

श्रुतिका. श्रुतिकाच आहे. हातात फोन, फोनवर माझा तो फोटो, त्यावर जागेचे आकडे — मागे जा गं, तार ओलांडू नको, अजून आत आली नाहीस, बाळा तिथूनच —

आली.

एक मुलगी आली आहे. घामाघूम. माझे खांदे धरून रडते, मला आई म्हणते. भली दिसते. कुणाची असेल, एवढ्या उन्हात एकटी, हिची आई हिची वाट बघत —