समुद्रापारचं साटंलोटं

एरंडोल, चैत्र, सन १९४६

प्रिय कारेन,

तुझी दोन्ही पत्रं पोचली, आबांच्या नावचं आणि माझ्या नावचं. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या आणि अर्धवट राहिलेलं वर्ष पुरं करायला तू पावसाळ्याआधी येतेस, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझं अक्षर तुला लागेल ना? आपण दोघींनी ओट्यावर बसून एकाच पाटीवर मुळाक्षरं गिरवली. तू भराभर पुढे गेलीस, मी मागे राहिले. तुला निदान सासूबाई मधेच भांडी घासायला उठवत नव्हत्या.

त्या आता फार थकल्या आहेत, पण तुझा विषय निघाला की हसतात. तू थापलेली कळण्याची भाकरी अर्धी तव्यावर आणि अर्धी चुलीत पडायची, तरी तू ती राख झटकून खायचीस. शेजारची सुगंधाबाई विचारत असते, गोरी बाई अजून तशीच पाय लांब करून जेवते का म्हणून. गावात तुला कोणी विसरलेलं नाही.

मुंबईच्या संस्थेचे ते गृहस्थ चावडीवर काय बोलले होते, ते तुला ठाऊक नसेल. डेन्मार्कातली एक मुलगी इथे शेतकऱ्याच्या घरी राहील, इथला एक मुलगा तिच्या घरी राहून सहकारी दूधसंघ कसा चालवतात ते शिकेल, आणि परदेश पाहिला की माणूस मोठा होतो, असं त्यांनी सांगितलं. बाकीचे आ वासून बघत राहिले. आबांना मात्र लगेच कळलं. आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची, त्यांची आपल्या घरी आणायची, अशी साटीलोटी आमच्या भाऊबंदांत किती झाली. गृहस्थांनी परोपरीनं सांगितलं की हे तसं नव्हे. आबा म्हणाले, लग्न नाही ते मलाही दिसतं, पण देणंघेणं तर तेच ना. त्या दिवसापासून तुझे वडील आमचे सोयरे झाले. लेकाला तुमच्याकडे धाडताना आबांनी ह्यांच्या ट्रंकेत सोयऱ्यासाठी फेटा घातला. तो बांधून तुझे वडील रविवारी देवळात गेले असं ह्यांनी कळवलं, तेव्हा आबा चार दिवस गावभर सांगत फिरत होते.

आणि खरं सांगू, गृहस्थ खोटं बोलले नव्हते. ह्यांच्या पत्रांतून मला दिसत होतं, माणूस मोठा होत होता. गरिबाचं आणि श्रीमंताचं दूध तिथे एकाच हौदात पडतं, आणि सभेत एका गाईच्या मालकाचं मत वीस गाईंच्या मालकाइतकंच धरतात, हे त्यांनी किती वेळा लिहिलं. एरवी बायकोशी चार शब्द न बोलणारा माणूस मला लिहायला लागला, की तानू, तुझं यावर काय म्हणणं आहे. मला आयुष्यात तसं कोणी विचारलं नव्हतं.

मग तुझी आई आजारी पडली आणि तुला अर्ध्यातून जावं लागलं. ते जाणं योग्यच होतं, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. पण साटंलोटं म्हटलं की एकीला माहेरी परत नेलं तर दुसरीलाही परत धाडतात, हा आमच्याकडचा रिवाज. ह्यांनी विनवणी केली की उन्हाळ्यापर्यंत राहू द्या, शिक्षण पुरं होईल. आबा ऐकेनात. "सोयरासनी आंडेर घर गयी. आते आपला आंडोर तठे ठेवाना नही," एवढंच म्हणाले. सोयऱ्याची मुलगी घरी गेली, आता आपला मुलगा त्यांच्याकडे फुकट जेवायला ठेवायचा नाही. त्यात दुष्टावा नव्हता कारेन, इमान होतं. ह्यांनी बापाचा शब्द मानला. लढाई पेटली होती, तरी निघाले. विलायतेहून सुटलेली बोट सुरुंगावर आदळून बुडाली. मी राग धरू तरी कोणावर?

बोटीच्या कंपनीचं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं, तेव्हा आबांनी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. म्हणाले, तो बोटीत चढलाच नाही. लढाई बघून सोयऱ्यानं ठेवून घेतला असेल, सोयरा शहाणा आहे. माझ्या बांगड्यांना त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून मी सवाष्ण म्हणून मिरवतेय. संक्रांतीला मला हळदकुंकू लावताना बायकांचा हात अडखळतो. तरी पुढच्या संक्रांतीलाही सासूबाई मला बळेच पाठवतात. घरात कोणी रडत नाही, कारण घरात कोणी मेलेलं नाही. मी रानात जाऊन रडते, तेही डोळे कोरडे होईपर्यंत तिथेच थांबून घरी येते. असं किती वर्षं चालेल, मला आता कळेनासं झालंय.

तुझं पत्र आल्या दिवशी आबांनी गूळ वाटला. वरची खोली सारवून घेतली. मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ती उनी म्हंजे आपला आंडोर तठे शे." तू इथे आलीस, म्हणजे बदल्यात आमचा मुलगा तिकडे असलाच पाहिजे, त्यांचा हिशेब जुळला. म्हणून सांगते कारेन, येऊ नकोस. तू उंबरठ्यात पाऊल टाकलंस की हे पुन्हा परदेशी जातील आणि मला पुन्हा वाट बघायला बसावं लागेल, मरेपर्यंत. कंपनीचं, सरकारचं, माझं, कोणाचंच आबा ऐकत नाहीत. सोयऱ्याचा शब्द ऐकतील. ह्यांना आपण स्वतः बंदरावर पोचवलं असं तुझे वडील म्हणतात, हे तूच लिहिलंस ना, मग तेच त्यांच्याकडून लिहून घे, आणि तू खाली मराठीत लिही: तुमचा अभिमन आम्ही परत पाठवला होता, तो आमच्याकडे नाही. मी आजवर त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं, तुझ्यासाठी आज लिहिलं. एवढं पत्र धाड, म्हणजे मला माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्यासाठी रडता येईल.

तुझीच,
तानू