आठ होकार

३ नोव्हेंबर, सकाळ
दिवाळी संपली. निर्धार: मेच्या आत लग्न. वय चौतीस. बायोडेटात एकतीस पडलंय, टायपिंगची चूक. असू दे. भांडगावात घर, केडगावात गणिताचा स्वतःचा क्लास. आणखी काय पाहिजे? हौसराव मामांनी वीस ठिकाणी बायोडेटा पाठवलेत.
रोज पळायचंही ठरवलंय. उद्यापासून. आज थंडी आहे.

१२ नोव्हेंबर
मामांचा फोन. म्हणाले, पाच ठिकाणी इचारलं तर तिघं तोंडावर न्हाई म्हणत्यात, पोरींना पुण्यात फ्लॅट पायजे.
डोकं ठिकाणावर नाही. तसाच क्लासला. दहावीची संभाव्यता. गणित: पिशवीत वीस चेंडू, लाल आणि पांढरे. लाल न येण्याची संभाव्यता तीन पंचमांश. लाल किती? पोरांना सांगितलं, घडणं आणि न घडणं यांची बेरीज नेहमी एक. म्हणून लाल येण्याची दोन पंचमांश. वीसचे दोन पंचमांश, आठ.
खडू हातातच राहिला. पाचात तीन नकार. वीस स्थळं.
आठ होकार!

१३ नोव्हेंबर
झोप नाही. आठांतून एक निवडायची म्हणजे सात जणींचं मन मोडायचं. चांगल्या शब्दांत नकार कसा द्यावा, याचा मसुदा केला. चौफुल्याच्या मंगल कार्यालयात तारखा विचारून आलो. मॅनेजरनं मुलीचं नाव विचारलं. उद्धट माणूस.
पूनमला, म्हणजे धाकट्या बहिणीला, हिशोब दाखवला. तिनं विचारलं, त्या आठांनी हो म्हटलंय का? म्हटलं, नाही कुठं म्हणालेत? 'कळवतो' म्हणालेत. तर म्हणे, दादा, मग हे कळवतोवाले कंच्या रंगाचे चेंडू?
गणितात तिला कायम कमी मार्क.

२४ नोव्हेंबर
कुणाचाच फोन नाही. भांडगावात रेंजच नसते. दुसरं सिमकार्ड घेतलं. त्यावर दिवसभर पर्सनल लोनवाल्या बाईचे फोन. आवाज गोड आहे.
पळणं: बूट घेतल्यावर.

६ डिसेंबर
आला! न्हावऱ्याहून, खुद्द मुलीचा. सारिका. सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणाली, उद्या घरी या, वडील असतील. आठांतली पहिली!
मिशी कोरायला गेलो. एक बाजू जास्त गेली. मग दोन्ही काढल्या. आई म्हणाली, आता फोटूतला तू वळखू येत न्हाईस.

७ डिसेंबर, संध्याकाळ
काय लिहू?
पोहे झाले. वडील पोपटराव अगदी अदबीनं 'सर, सर' करत होते. सारिका समोर बसली. म्हणाली, "सर, एक गणित घालू? मला चाळीस स्थळं आल्यात. माझा नकार यायची शक्यता चाळीसात एकोणचाळीस. मग होकार किती?"
मी क्षणात म्हटलं, "एक!" छाती फुगली होती.
"बराबर," ती म्हणाली. "आबा, त्यो एक म्हंजी आमच्या कंपनीतल्या लाईनवरचा रोहन. सरांसमोर तुम्ही आवाज चढवणार न्हाई, म्हणून यांना बोलावलं."
पोपटरावांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, काय करू?"
चमच्यात पोहे तसेच. सारिका माझ्याकडं बघत होती. मुलगी खरंच छान आहे. मी म्हटलं, "पोरगा कष्टाळू असेल तर द्या."
हे कोण बोललं, अजून कळत नाही.

२० डिसेंबर
पोपटरावांचा फोन. सारिकाचं जमलं. म्हणाले, सर, तुमच्यामुळंच जमलं, लग्नाला पहिल्या रांगेत बसायचं.
मग मामांना उरलेल्या सातांचं विचारलं. पाच मुलींची लग्नं ठरलीत. दोन घरांत बायोडेटा सापडत नाहीये.
संभाव्यता संपली. सोमवारपासून सांख्यिकी.