सुनीतीच्या किल्ल्याचे लहान दार

मी, डॉ. शशिकांत माधव आगटे, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार हॅरो, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वहस्ताक्षरात आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धी म्हणजे काय, याबाबत माझे मत ग्राह्य धरावे. माणसांची शुद्ध हरपवणे व ती सुखरूप परत आणणे हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकमेव व्यक्ती, माझी पत्नी सुनीती, अडीच वर्षांपूर्वी निवर्तली.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात सर्व काही सुनीतीच्या नावे होते. ती माझ्यामागे राहील असे मी गृहीत धरले होते.

या दस्तऐवजाची इंग्रजी प्रत माझ्या सॉलिसिटरकडे आहे. मालमत्तेविषयी काही शंका आल्यास ती प्रत प्रमाण मानावी. मात्र कलम पाच केवळ मराठीत आहे, कारण ज्या दोघांसाठी ते लिहिले आहे, त्यांच्याशी त्यांची आई मराठीतच बोलत असे.

कलम १. हॅरो येथील घर माझा मुलगा अंबरीश, राहणार रीडिंग, व माझी मुलगी ईशानी, राहणार हाउन्सलो, यांना समसमान मिळावे. घर विकण्यास माझी हरकत नाही. तटावर उभे राहून मरण्याचा मान सम्राटांना शोभतो. सेमी-डिटॅच्ड घरासाठी कोणी तसे करू नये. परंतु किल्ल्या कोणाच्याही हाती देण्यापूर्वी दोघांनी या घराच्या स्वयंपाकघरात एकत्र बसावे आणि कलम पाच मोठ्याने वाचले जावे. अंबरीशने वाचावे. ईशानीचे मराठी वाचन सावकाश आहे, आणि हे तिला ऐकायचे आहे.

सॉलिसिटर म्हणाले, "डॉक्टर आगटे, ही अट कोर्टात टिकणार नाही."

मी म्हणालो, "टिकण्याची अपेक्षा नाही. ऐकली जावी, एवढीच आहे."

कलम २. बँकेतील शिल्लक व पेन्शनमधून जे काही देय असेल ते दोघांत समान. याबाबत अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझा जुना लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहण्याचा दिवा, अंबरीशला द्यावा. लहानपणी तो टॉर्च म्हणून वापरत असे व ओरडा खात असे. आता खुशाल वापरावा. सुनीतीची इतिहासाची पुस्तके ती जेथे शिकवीत असे त्या शाळेला द्यावीत. शाळेला नको असल्यास चॅरिटी शॉपला, पण पेटीत कोंबून नव्हे. बागेतील खुरपे, थापी आणि पत्र्याची झारी यांची वाटणी करू नये. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

कलम ४. माझे मित्र श्री. नंदकुमार वैशंपायन, म्हणजे नंदू, यांस मी काहीही देत नाही. याचे कारण नोंदवणे आवश्यक आहे.

आपल्या मराठी मंडळात दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा होत असे. घरोघरी मागच्या बागेत मुले माती कालवून रायगड, प्रतापगड उभे करीत. सुनीती आमच्या मुलांना घेऊन दरवर्षी एकच किल्ला करी: कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. तिहेरी तटबंदी, पुढे खंदक. गोल्डन हॉर्नची खाडी म्हणजे ओव्हनचा ट्रे, आणि खाडीच्या तोंडावरची साखळी बाथटबच्या बुचाची. १४५३ च्या वेढ्यात तुर्की सुलतानाने गलबते डोंगरावरून ओढून खाडीत उतरवली, ती आमच्याकडे पेन्सिलींवरून घरंगळत येत. दोन्ही सैन्यांत पुण्याहून आणलेले मातीचे मावळेच असत, पागोटीही तीच.

परीक्षक नंदू होते. म्हणाले, "वहिनी, नियमात बसत नाही. किल्ला महाराष्ट्रातला हवा. आणि महाराजांना बसवलंय कुठे?"

महाराज तटाबाहेर, टेकाडावर, सिंहासनासह होते. सुनीती म्हणाली, "भावजी, महाराज पाहायला आलेत. एवढा मजबूत तट पडला कसा, हे त्यांना बघायचं असणारच. तुम्हाला नाही का बघायचं?"

तरीही नंदूंनी किल्ला बाद केला. मुले रडली. सुनीती हसली व पुढच्या वर्षी पुन्हा तोच किल्ला केला. तिने नंदूंना माफ केले होते. मी केलेले नाही. म्हणून मी त्यांना या मृत्युपत्राचे साक्षीदार नेमले आहे. या देशाच्या कायद्याप्रमाणे साक्षीदाराला, अथवा त्याच्या पत्नीला, मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दुसऱ्या साक्षीदार म्हणून त्यांच्या पत्नी शैला यांना मी याच हेतूने बोलावले आहे. सुनीती गेल्यापासून दर रविवारी त्या माझ्यासाठी आमटी पाठवतात. तरीही काही द्यावेसे वाटू नये, अशी व्यवस्था मी करून ठेवली आहे.

कलम ५. (अंबरीश, येथून मोठ्याने वाच.)

सुनीतीच्या किल्ल्यात उत्तरेच्या कोपऱ्यात काड्यापेटीचे एक लहान दार असे. ते केर्कोपोर्ता. शेवटच्या पहाटे ते दार कोणीतरी उघडे विसरले, शत्रू तेथून आत शिरला आणि हजार वर्षांची राजधानी पडली, अशी कथा आहे. नंदू दरवर्षी त्या दारापाशी बोट नेऊन विचारीत, "हेच ना वहिनी, ज्याच्यामुळे घात झाला?"

सुनीती दरवर्षी चिडे. "भावजी, सात आठवडे तोफा चालल्या होत्या. दिवसा पडलेला तट बायकापोरं रात्री दगडमाती टाकून बुजवत होती. मदतीचं आरमार वेळेवर आलं नाही. जखमी सेनापतीला उचलून नेलं आणि लोकांचा धीर सुटला. हे सगळं सोडून दोष दाराला? कडी विसरणारा एकच माणूस शोधायचा असतो, म्हणून ते सोपं पडतं. आणि ही दाराची हकीकत लिहिणारा तर त्या दिवशी शहरात नव्हताच!"

सुनीतीच्या पोटातील महाधमनीला फुगवटा होता. तो आम्हां दोघांना ठाऊक होता. शस्त्रक्रिया तिच्या हृदयाला झेपणार नाही, असे तिच्या डॉक्टरांचे मत पडले. मी स्वतः भूलतज्ज्ञ. मलाही ते मान्य होते, आणि तिने ते ऐकून घेऊन पुन्हा चहा टाकला. तेव्हा अंबरीशने नियम केला: आईला एकटे सोडायचे नाही. नियम प्रेमातून केलेला होता.

त्या दिवशी अंबरीश मला डोळ्यांच्या तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला होता. घरी ईशानी होती. दिवाळी जवळ आली होती. मुले मोठी झाली तरी सुनीतीने किल्ला बंद केला नव्हता. इस्तंबूलच्या सहलीत आम्ही तो तट पाहिला, तेव्हा खंदकात कोणीतरी कांद्याची पात आणि सॅलडचे वाफे लावले होते. त्यानंतर तिच्या खंदकात ती अळीव पेरू लागली.

ती ईशानीला म्हणाली, "जा गं, गार्डन सेंटरमधून अळिवाचं बी आण. आत्ता पेरलं नाही तर खंदक बोडका राहील."

"आई, दादा ओरडेल."

"दादाला मी बघते. तू पळ."

ईशानी बी घेऊन परतली, तेव्हा सुनीती बागेतल्या बाकावर बसल्याजागी गेलेली होती. खुरपे हातात होते.

अंत्यविधीनंतर याच स्वयंपाकघरात अंबरीश म्हणाला, "एवढंच काम होतं तुला. तिच्याजवळ थांबायचं."

"दादा, मी फक्त बी आणायला गेले होते. आईनेच सांगितलं."

"आई सांगेलच! तुला कळायला नको?"

त्यानंतर तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत. दिवाळीला एक जण सकाळी येतो, दुसरी संध्याकाळी. मी अंबरीशला समजावले. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तिला सावरायला असं बोलताय. डॉक्टर म्हणून नाही."

म्हणून हे येथे लिहीत आहे. मृत्युपत्रात कोणी कोणाचे सांत्वन करीत नाही. तेथे जे आहे ते लिहावे लागते.

मी, डॉ. आगटे, माझ्या व्यावसायिक ज्ञानाच्या आधारे जाहीर करतो की फुगवटा फुटल्यानंतर सुनीती वाचू शकली नसती. ईशानी शेजारी असती, मी असतो, तरी वाचली नसती. शुश्रूषेतील कोणतीही त्रुटी तिच्या मृत्यूस कारणीभूत नाही. तट आधीच आतून खचला होता. दार उघडे राहिले म्हणून ती गेली नाही.

अंबरीश, ही हकीकत सांगणारा तू त्या वेळी तेथे नव्हतास. मीही नव्हतो. त्या दिवशी घरी ईशानी होती. आईने सांगितलेले शेवटचे काम तिने केले. ते काम किल्ल्याचे होते, आणि आईला त्याहून प्रिय काम ठाऊक नव्हते.

ईशानी, वाचन संपले की दादाला चहा दे. त्याने केलेला नियम हीही एक भिंतच होती. तो अडीच वर्षे एकटा त्या भिंतीवर उभा आहे.

कलम ६. काड्यापेटीचे लहान दार ईशानीला द्यावे. खुरपे, थापी व झारी दोघांची मिळून, अविभाज्य.

घर विकण्याआधी बागेत एकदा किल्ला करावा. ही अट नाही. तो नियमात बसेल की नाही हे नंदूंना विचारू नये. महाराजांना टेकाडावर बसवावे.

ईशानीने त्या दिवशी आणलेले अळिवाचे पाकीट ड्रॉवरमध्ये न उघडता पडून होते. बी जुने झाले, उगवणार नाही, असे मला वाटत होते. माहिती नसलेली वस्तू मृत्युपत्रात लिहिणे योग्य नव्हे, म्हणून मागील आठवड्यात चिमूटभर बी ओल्या कापसावर घालून खिडकीत ठेवले. आज सकाळी सर्वत्र हिरवे झाले आहे. उरलेले पाकीट दोघांना मिळून देत आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. बदलण्याजोगे काही आढळले नाही.

स्थळ: हॅरो, स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: २९ मे २०२५

(सही) शशिकांत माधव आगटे

साक्षीदार, आम्हां दोघांसमक्ष सही झाली:

१. (सही) नंदकुमार वैशंपायन
२. (सही) शैला वैशंपायन

साक्षीदार क्र. १ यांच्या हस्ताक्षरात: साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. मी वाचला. परीक्षक या नात्याने माझा निर्णय मागे घेतो. किल्ल्याला माती मी आणून देईन. दोघांनी फक्त दिवस कळवावा.