मागच्या वळणावरचे भाऊजी

शेवटच्या खिंडीखालचं विश्रामगृह,
गुरुवार, दुपारी चार

आदरणीय भाऊजी,

तुम्हाला वाकून नमस्कार. (तुम्हाला सध्या वाकता येत नाही, तेव्हा दोघांच्याही वाट्याचं मीच वाकतो आहे.) ताई बरी असेलच; ती आजारी पडली असती तर तिचा ओरडा इथपर्यंत ऐकू आला असता. तुमची तब्येत कशी आहे? पत्राच्या सुरुवातीला हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे सरकतात. मी मात्र खरोखर विचारतो आहे.

इकडे आम्ही अकराही जण खुशाल आहोत. अकरा हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

ही सायकल-सफर तुमची, हे मी कधीच नाकारलेलं नाही. तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरून तुम्ही त्यात टाचण्या खोचल्या (त्यातली एक माझ्या घासात आली, तो विषय आता काढत नाही), बारा जणांची यादी केली, प्रत्येकाला नंबर दिला आणि स्वतःसाठी बारावा, म्हणजे शेपटाचा, राखून ठेवला. शेपटानं सगळ्यांच्या मागं राहायचं, कोणी पंक्चर होऊन, दमून किंवा रुसून थांबला तर त्याच्यासाठी थांबायचं, आणि आपल्या मागं कोणी उरलेलं नाही याची खात्री करूनच मुक्काम गाठायचा. तुमचा जन्मच या कामासाठी झालेला. कुठंही जायचं असलं की सगळे गाडीत बसल्यावर तुम्ही गॅस आणि नळ तपासायला परत घरात शिरता आणि आतून ओरडता, "आहे, आहे! तुम्ही व्हा पुढे!" असा माणूस निघायच्या आदल्या संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला वाकतो काय, नेमकी तेव्हाच त्याला शिंक येते काय, आणि कंबर धरून जो आडवा होतो तो आडवाच! तुमची सायकल घराच्या बोळातच भिंतीला टेकून राहिली आणि आम्ही निघालो. तुम्ही खिडकीतून हात हलवलात तेव्हा तुमचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी हेल्मेटचा पट्टा नीट करत राहिलो.

आता शेपूट कोण, असा प्रश्न आला. आमचे म्होरके कवायत मास्तर (ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, त्यांची शिट्टी अजून नोकरीत आहे) माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही ग्रंथपाल ना? मग मागं गप्प राहायची सवय असेल." अशा रीतीनं अकरा नंबरचा मी शेपूट झालो. मास्तर दर अर्ध्या तासानं शिट्टी फुंकतात आणि पुढून मागं नंबर पुकारायचे असतात. मास्तर एक, गप्पा न थांबवता पॅडल मारणाऱ्या दोघी जावा दोन आणि तीन, असं करत दहाव्या दंतवैद्यांपाशी गाडी येते आणि मी "अकरा" म्हणून गजर संपवतो.

पहिला दिवस तसाच संपला. दुसऱ्या दिवशी मोठा घाट लागला. दोन्ही बाजूंना ओले बांबू, रानकेळी, माणसाएवढे नेचे, आणि धुकं इतकं की मला माझं पुढचं चाकसुद्धा ऐकीव माहितीवर मान्य करावं लागत होतं. (जळवांबद्दल लिहीत नाही. त्यांना माझ्याबद्दल जे वाटतं ते त्यांनी पुरेपूर दाखवून दिलं आहे.) दुपारी दोनच्या सुमारास शिट्टी झाली. नंबर आले. मी "अकरा" म्हणालो. आणि माझ्या मागून कोणीतरी घसा खाकरून "बारा" म्हणालं.

वरून मास्तर ओरडले, "शाब्बास!" त्यांना पट पूर्ण झाल्याचा आनंद झाला होता. दंतवैद्य म्हणाले, प्रतिध्वनी. माणूस शिकलेला आहे, पण दात सोडून बाकी विषयांत फार घाईनं बोलतो. प्रतिध्वनी असता तर "अकरा" आला असता, भाऊजी. डोंगर पुढचा आकडा मोजत नाहीत. आणि डोंगर आधी घसाही खाकरत नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी ग्रंथालयाचे दिवे घालवण्याआधी मी कपाटांच्या रांगांकडे तोंड करून विचारतो, "आत कोणी राहिलंय का?" सव्वीस वर्षांत एकदाही उत्तर आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर येत नाही म्हणूनच ती नोकरी मला मानवली. त्या दिवशी एका वळणावर मी पाणी प्यायला थांबलो, मागं धुक्याकडे बघितलं आणि निव्वळ सवयीनं विचारून बसलो, "मागं कोणी राहिलंय का?"

"आहे, आहे! तुम्ही व्हा पुढे!"

पाठोपाठ घंटा वाजली. तुमच्या सायकलीची घंटा एकदा पूर्ण आणि एकदा अर्धी वाजते, तशीच. मी पुढे झालो, हे सांगायला नको. त्या चढावर मी दंतवैद्यांना, बेकरीवाल्यांना आणि दोन्ही जावांना मागं टाकलं. मास्तरांनी मला शिस्तभंगाबद्दल झापलं आणि परत मागं धाडलं. मी परत गेलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि वळणावर कोणी नव्हतं. रस्त्याच्या कडेला, मी पाणी प्यायला थांबलो होतो तिथल्या ओल्या मातीत माझ्या चाकांची एक रेघ होती. तिच्या शेजारी दुसरी रेघ होती आणि ती मधेच, कुठंही न वळता, संपली होती.

चौथ्या दिवशी एका गावातल्या टपाल कचेरीतून मी घरी फोन केला. ताई म्हणाली, कंबर तशीच आहे, पण झोप छान लागते. जेवून दीडला आडवे होतात, तीनला मी चहाला उठवते. झोपेत पाय मात्र फार हलवतात, चादर फाटेल एखाद दिवशी. आणि बोळातल्या सायकलीच्या चाकांना रोज लाल माती लागलेली असते, शेजाऱ्यांची कार्टी चालवत असणार, मी त्यांच्या आईला चार शब्द सुनावलेत. (त्या बाईंची कृपा करून माफी मागा. तुमच्याकडची माती काळी आहे. लाल माती इथली.)

मी फोन ठेवला आणि टपाल कचेरीच्या बाकावर बसून बोटांवर तास मोजले. मग हिशेब डोक्यात लख्ख बसला. दीड ते तीन. आम्ही सकाळी सहापासून जे अंतर कापतो ते तुम्ही दीड तासात कापता. बावन्नाव्या वर्षी, कंबर धरलेली असताना, हे कौतुकास्पदच आहे. पण माझ्या मागच्या चाकापर्यंत पोचता न पोचता तीन वाजतात, ताई हाक मारते आणि तुम्ही घाटात असाल तिथून उठून चहाला बसता. पहिल्या घाटात तुम्ही मला गाठत होतात. पण चढ दिवसेंदिवस वाढत गेले आणि दुपार मात्र दीड तासाचीच राहिली. पाचव्या दिवशी "बारा" दोन वळणं खालून आला. सहाव्या दिवशी तो दरीपलीकडच्या डोंगरावरून आला, आणि त्यात दम लागलेला स्पष्ट ऐकू येत होता.

काल पुन्हा फोन केला. ताईचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, त्यानंच मी घाबरलो. तिला तुम्हाला उठवायला अर्धा तास लागला म्हणे. तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडलेत, तिच्याकडे रस्त्याकडेच्या अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलंत आणि विचारलंत, "बाई, चढ किती राहिला?" एकतीस वर्षांच्या संसारात तिला "बाई" कोणी म्हटलेलं नाही, तुम्ही तर नाहीच. तुम्ही जितके मागं पडता तितके उशिरा उठता, भाऊजी. उद्या आमची मंडळी शेवटची खिंड ओलांडून पलीकडच्या सपाटीवर उतरणार. मग तुमच्या पुढे नंबर पुकारायलाच कोणी उरणार नाही, आणि कोणाच्या मागं राहायचं हे न कळलेला शेपूट या घाटात कुठं कुठं फिरत बसेल याचा विचार मला करवत नाही.

आज इथं पोचलो. विश्रामगृहाची रखवालदार बाई जेवणाची ताटं मांडत होती. मी मोजली, बारा होती. आम्ही अकराच आहोत, असं मी म्हणालो. ती वर न बघता म्हणाली, "एक जण मागं आहे ना, म्हातारपणाकडे झुकलेले? येतील. घरून हाका येत राहिल्या की माणसाला चढायला उशीर होतो." बारावं ताट तिनं तसंच झाकून ठेवलं आणि जावांना वाढायला गेली. दंतवैद्य त्यावरही काही तरी शास्त्रीय बोलले.

तेव्हा मी ठरवलं आहे. उद्या मंडळी पुढे जातील, मी जाणार नाही. मास्तरांना गुडघा दुखतो असं सांगितलं आहे (त्यांनी तो तपासून बघितला, दुसराच). मी खिंडीच्या माथ्यावर, मैलाच्या दगडाला टेकून बसणार. मागं कोणी राहिलेलं असताना शेपूट पुढे जात नाही, हा नियम तुमच्याच अक्षरात यादीच्या तळाशी लिहिलेला आहे.

बाकी सर्व ठीक. कमरेला शेक देत चला.

तुमचा मेव्हणा,
क्रमांक अकरा

ता. क. सोमवारी मी कामावर नसेन. ग्रंथालयाची किल्ली शिपायाकडे आहे. त्याला एवढंच सांगा, दिवे घालवताना काही विचारत बसू नकोस.

ता. ता. क. ताई, आता हे तुला. घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी तू फोडतेस, म्हणूनच हे भाऊजींच्या नावानं लिहिलं. तुझ्या नावानं लिहिलं असतं तर तू ते वाचायला त्यांच्या हातात दिलं असतंस. वरचा मजकूर त्यांना दाखवू नकोस. झोपेत आपण कुठं जातो हे कळलं तर ते झोपायचेच नाहीत आणि अर्ध्या घाटात तसेच राहतील. इथं फोन नाही. टपालाची गाडी उद्या सकाळी हे पत्र नेईल, म्हणजे शनिवारी तुझ्या हातात पडेल. रविवारी त्यांना पोटभर जेवायला घाल. सायकलीत हवा भर. दीडला आडवे झाले की तीनला उठवू नकोस. पाय कितीही हलू देत, घाम येऊ दे, घंटा वाजलेली ऐकू आली तरी बोळात बघायला जाऊ नकोस. हाक मारायची नाही. तुला ते जमत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण एक दिवस जमव.

पाय थांबले की त्यांच्या कानाशी वाक. नाव घेऊ नकोस, "अहो" म्हणू नकोस. फक्त "अकरा" म्हण. घसा खाकरून "बारा" म्हणाले की चहा टाक.

"बारा" नाही म्हणाले तर पुन्हा "अकरा" म्हण. मी माथ्यावरच बसलेलो आहे.